तांब्यातल्या आठ चिठ्ठ्या

नांदेडात असताना आम्ही पाण्यासाठी कधी भांडलो नाही. भांडायला तिथं दुसरी कारणं भरपूर होती. गोदावरी उशाला, नळाला रोज पाणी, आणि ऐन उन्हाळ्यातही कुठल्या ना कुठल्या डोहात म्हशी डुंबत असायच्या. मग लातूर जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला नवी कचेरी लागते, कचेरीला कारकून लागतात, आणि माझे वडील कारकून होते. बदलीचा कागद हातात पडला त्या दिवशी ते पेढे घेऊन घरी आले. "नवीन जिल्हा आहे, सगळं नवीन असणार," म्हणाले. आईनं पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "पाणी हाय का तिथं?" वडिलांना तो प्रश्न अपशकुनी वाटला.

पाणी नव्हतं. पावसानं लागोपाठ तोंड फिरवलं होतं आणि त्यात गावात सरकारी माणसांची रीघ लागलेली. खोल्या मिळेनात. लोकांनी गोठ्यांना चुना मारून ते भाड्यानं दिले. आम्हाला आठ खोल्यांच्या एका ओळीतली शेवटची खोली मिळाली. पहिल्या खोलीत घरमालकीण राहायची, तिला सगळेच काकू म्हणत. काकूनं वडिलांचं खातं विचारलं, हुद्दा विचारला, मुलं किती ते विचारलं. मी एकटीच, हे ऐकून हळहळली. जात विचारायची मात्र राहून गेली, कारण कलेक्टर ऑफिस हे शब्द ऐकूनच ती हुरळली होती.

सामान लागल्यावर दुसऱ्या दिवशी ती चहापत्ती मागायला आली आणि भिंतीवरची बुद्धाची तसबीर तिला दिसली. आम्ही बौद्ध. आजोबांनी धर्म बदलला तेव्हा वडील प्राथमिक शाळेत होते. काकू तसबिरीकडं जरा वेळ बघत राहिली, "फोटो छान हाय" म्हणाली आणि चहापत्ती न घेताच परत गेली. खोली सोडा, असं मात्र ती कधी म्हणाली नाही. सरकारी भाडेकरू कोण सोडतं!

बोअर काकूच्या दारासमोर होता. दुपारी कधीतरी लाइट यायची. ती असेपर्यंत आठ घरांनी पाणी भरून घ्यायचं. पहिल्या दोन-तीन घरांना जोरात आणि स्वच्छ पाणी मिळे. मग धार बारीक व्हायची, मग तांबूस, आणि शेवटच्या घराची पाळी येईपर्यंत एक तर गाळ यायचा नाही तर लाइट जायची. यावरून हंडे फेकून झाले, एकीच्या कपाळाला टाके पडले, तेव्हा काकूनं चिठ्ठ्यांची पद्धत काढली. एक ते आठ आकडे लिहिलेल्या आठ चिठ्ठ्या ती पितळी तांब्यात टाकायची, वर हात धरून हलवायची, आणि प्रत्येकीनं एकेक उचलायची. आकडा येईल त्या क्रमानं पाणी.

म्हणजे क्रम दोन झाले. पाणी भरायचा क्रम चिठ्ठी ठरवायची, आणि चिठ्ठी उचलायचा क्रम काकू. आधी ती स्वतः उचलायची, मग दुसऱ्या खोलीतली, मग तिसऱ्या, असं करत तांब्या आमच्या टोकाला पोचायचा तेव्हा आत एकच चिठ्ठी उरलेली असायची. एकच तर आहे, तिला उचलायचं काय, म्हणून काकू तांब्या उलटा करून ती आईच्या ओंजळीत पाडायची.

आई रोज म्हणायची, "एकदा तरी पैली चिठ्ठी मला उचलू द्या."

"ओळीनं चालू हाय की, नांदेडवाली," काकू म्हणायची. "तुमची खोली शेवटी, त्याला मी काय करू?"

आई परत येऊन रिकामा हंडा असा आदळायची की वडील दचकून पेपर खाली ठेवायचे. त्या दिवसांत तिला दुसरं काही म्हणजे काही नको होतं. नवं लुगडं नको, माहेरी हिमायतनगरला जाणं नको, सिनेमा नको. तिला एकदा पहिली चिठ्ठी उचलायची होती. मला वाटायचं, पाण्यासाठी.

मी तेव्हा बारावीला होते. कॉलेजातल्या गणिताच्या सरांनी एका दुपारी घाम पुसत सांगितलं, "संभाव्यता हा धडा ऑप्शनला टाका. मार्क थोडे, डोकेदुखी फार." मला कुणी 'हे करू नको' म्हटलं की तेच करावंसं वाटतं. हा गुण आईकडून आला आहे आणि तो अजून गेलेला नाही. मी त्याच संध्याकाळी तो धडा उघडला.

आणि उघडला तो मिटवेचना! मला आजवर शिकवलेल्या सगळ्या गणितांत कुणीतरी आधीच सगळं ठरवून ठेवलेलं असायचं. त्रिकोणाचे कोन माझ्या जन्माआधीपासून एकशेऐंशी. इथं मात्र पुस्तक चक्क कबूल करत होतं की काय होईल ते मलाही माहीत नाही, पण किती माहीत नाही ते मी सांगतो. किती माहीत नाही ते! हे वाचून मी उठून खोलीत फेऱ्या मारल्या. खोली लहान, त्यामुळं फेऱ्या म्हणजे गिरक्याच झाल्या. आई म्हणाली, "काय झालं? इंचू चावला का?"

शिकवायला कोणी नव्हतं, तेव्हा उदाहरणसंग्रह हेच माझे गुरुजी. पिशवीत पाच तांबडे आणि तीन पांढरे चेंडू आहेत, न बघता एक काढला, तो पांढरा असण्याची संभाव्यता काय? चेंडू कुठून आणू? मी वडिलांच्या मोज्यात पाच हरभरे आणि तीन तुरीचे दाणे टाकले आणि हात घालून काढत बसले. दुसऱ्या दिवशी वडील एक हरभरा पायाखाली घेऊनच नव्या कलेक्टर कचेरीत जाऊन आले. संध्याकाळी मोजा झटकून त्यांनी तो हरभरा माझ्या पुस्तकावर ठेवला.

दोन नाण्यांच्या उदाहरणानं मला पार रडकुंडीला आणलं. दोन नाणी उडवली तर दोन्ही छापे पडण्याची संभाव्यता पुस्तकात एक चतुर्थांश दिली होती. नाणी उडवली की ती ट्रंकेखाली पळायची, म्हणून मी आईचे चिंचोके घेतले. आमच्याकडं चिंचोका मधोमध फोडून, घासून त्याच्या दोन वाट्या करतात. एक बाजू पांढरी, एक काळी, आणि बायका त्यावर पट खेळतात. पांढरी म्हणजे छापा, असं धरून मी ते उडवत राहिले. उत्तर काही जुळेना. पुन्हा उडवले, पुन्हा नाही. मला वाटलं मला गणित येत नाही. मग वाटलं पुस्तकात छापायची चूक आहे. हा दुसरा विचार मला जास्त पटला आणि मी तावातावानं चिंचोके घेऊन सरांकडं गेले.

सरांनी चिंचोका बोटांत फिरवला. "हे नाणं आहे का?" ते म्हणाले. "एक बाजू सपाट, एक फुगीर. हा एका अंगावर जास्त पडणारच. पुस्तकातलं नाणं निःपक्षपाती असतं."

"तसं नाणं मिळतं कुठं?" मी विचारलं.

सगळा वर्ग हसला. सरही हसले आणि म्हणाले, "पुस्तकात."

घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "हे मला इचारायचं न. मी उगं का पटात जिंकते?" तिनं चिंचोके ओंजळीत घोळवले, मनगटाला एक हिसका दिला, आणि चारही पांढरे पडले. पुन्हा टाकले, पुन्हा पांढरे. लहानपणापासून तिच्याशी पट खेळून मी हरत आले होते. मला इतका राग आला आणि इतकं हसू आलं की दोन्ही एकदमच बाहेर पडलं.

असं करत मी चिठ्ठ्यांच्या उदाहरणापाशी पोचले. पेटीत दहा चिठ्ठ्या आहेत, त्यातल्या तीन बक्षिसाच्या. दहा जणांनी एकामागून एक चिठ्ठी उचलली, उचललेली परत टाकली नाही. शेवटच्या माणसाला बक्षीस मिळण्याची संभाव्यता किती?

मी वाचलं आणि उभीच राहिले. हे तर आमचंच उदाहरण! शेवटचा माणूस म्हणजे माझी आई! उत्तर काढायचीसुद्धा गरज नव्हती. आधीचे नऊ जण चांगल्या चिठ्ठ्या घेऊन जाणार, आईला गाळ. मी अंदाजानं एक लहानसा अपूर्णांक लिहिला आणि शेवटच्या पानावरची उत्तरं बघितली. तिथं तीन दशांश होतं. पहिल्या माणसाइतकंच!

या वेळी चिंचोक्यांची चूक नव्हती. मी दात-ओठ खात लहान उदाहरण घेतलं. तीन चिठ्ठ्या, एक बक्षिसाची. पहिल्याला मिळण्याची संभाव्यता एक तृतीयांश, हे तर उघड. दुसऱ्याला मिळायचं तर पहिल्याला मिळता कामा नये, म्हणजे दोन तृतीयांश, आणि मग उरलेल्या दोनांतून ती एक याच्या हाती यायला हवी, म्हणजे एक द्वितीयांश. गुणाकार केला. वरचा दोन आणि खालचा दोन गेला. उरलं एक तृतीयांश. तिसऱ्याचं केलं. तेच! चार चिठ्ठ्या घेतल्या. तेच! वरचे आकडे खालच्या आकड्यांना असे काटत सुटले होते की मला हसू आवरेना. पाच केल्या, सहा केल्या. शेवटी आठ केल्या, कारण आमचा तांब्या आठांचा.

पुढं सरांनी ते एका वाक्यात सांगितलं. "सगळ्यांनी चिठ्ठ्या उचलून मुठी मिटून ठेवल्या, असं समज. आता आधी कोणी उचलली हे मुठीला कुठं माहीत असतं?" त्या वाक्यावर मी त्यांचे आधीचे सगळे अपराध माफ केले.

घरी जाताना मी जवळजवळ पळालेच. इतकी मोठी बातमी माझ्याकडं याआधी कधी नव्हती. "आई," मी दारातूनच ओरडले, "पहिली चिठ्ठी उचलून काहीच फायदा नाही! शेवटची घेतली तरी सारखंच!"

आई भाकरी थापत होती. तिनं थापणं थांबवलं नाही. "ऱ्हाऊ दे तुझं सारखं तुझ्याजवळ," ती म्हणाली.

"अगं पण ऐक तरी. तीन चिठ्ठ्या घे..."

"न्हाई ऐकायचं मला. उद्या तुझ्या पुस्तकाला लाव पाणी भरायला."

मी फणफणले. जगातली सगळ्यात सुंदर गोष्ट हातात घेऊन यावं आणि आईनं पिठाचा हातही पुसू नये! तेव्हा मी ठरवलं की हे आता सगळ्यांसमोर सिद्ध करायचं. म्हणजे रोजची कटकट संपेल, आईचा जीव शांत होईल, आणि माझी थोडी वाहवा होईल. खरं तर क्रम उलटा होता, पण असो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या बायका चिठ्ठ्या उचलायला जमल्या. मी पुढं झाले. "आज कोणी चिठ्ठी उघडू नका," मी म्हणाले. "उचला आणि मूठ मिटून ठेवा." नवीन काहीतरी होतंय म्हणून त्यांनी ऐकलं. आठ मुठी मिटल्या. आईची शेवटची, तांब्यातून ओंजळीत पडलेली. "आता सांगा, एक नंबर कुणाच्या मुठीत आहे?" कुणालाच सांगता येईना. "मग? आधी उचललेल्या मुठीत असायची जितकी शक्यता, तितकीच शेवटच्या मुठीत. मुठीला काय माहीत कोण आधी आलं!"

माझा आवाज चढला होता, हातवारे चालले होते. सगळ्यांत खूश झाली ती काकू. "ऐका!" ती बाकीच्यांना म्हणाली. "कॉलेजात शिकलेली पोरगी सांगायलीय. समद्यायला सारखंच हाय. आता कुणी मला म्हणायचं न्हाई की तू आधी उचलतीस म्हणून." तिनं माझ्याकडं असं कौतुकानं बघितलं की मी फुगले.

आई कडेला उभी होती. "सारखंच हाय?" तिनं मला विचारलं.

"हो आई. अगदी सारखं."

"नक्की?"

"नक्की! मी आठ चिठ्ठ्यांचं पण करून बघितलंय."

ती काकूकडं वळली. "मंग काकू, उद्या माझ्याकडून सुरू करा."

"कशाला?" काकू म्हणाली. "सारखंच हाय म्हणती की तुझीच पोरगी."

"सारखंच हाय, म्हणून तर."

काकूनं तांब्या उचलला आणि पदराखाली घेतला, कुणी हिसकावून नेणार असल्यासारखा. "पुजेचा तांब्या हाय बाई हा," ती पुटपुटली. "उद्याचं उद्या बघू."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. इतक्या महिन्यांत आईचा हात त्या तांब्यात एकदाही गेलेला नव्हता. बाकीच्या सातजणी हात घालून चिठ्ठी काढायच्या, आईच्या वेळी मात्र तांब्या उलटा व्हायचा. चिठ्ठी एकच उरली होती म्हणून नव्हे. आईचा हात सगळ्यात आधी तांब्यात गेला, तर बाकीच्यांना आणि काकूला त्यानंतर हात घालावा लागला असता, म्हणून आम्ही शेवटी होतो. पाण्याचा त्यात काही संबंधच नव्हता. माझं गणित शंभर टक्के बरोबर होतं आणि आधी उचलण्यात पाण्याचा फायदा असतो, हे काकूजवळचं सांगण्यासारखं एकुलतं एक कारण त्यानं काढून घेतलं होतं. मला तो तांब्या बोअरमध्ये टाकून द्यावासा वाटला.

"तुला माहीत होतं?" घरात येऊन मी आईला विचारलं.

"पैल्या दिवसापासून," आई म्हणाली. "चहापत्ती न घेता गेली न ती."

दुसऱ्या दिवशी काकूनं नेहमीप्रमाणं पहिल्या खोलीपासून सुरुवात केली. तांब्या आमच्यापर्यंत आला तेव्हा आईनं ओंजळ पुढं केली नाही. "मी झेलणार न्हाई," तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "उचलीन तर पैली उचलीन, न्हाई तर न्हाई." आणि ती रिकामा हंडा घेऊन परत आली. या वेळी तिनं तो आदळला नाही.

झालं, आमचं पाणी बंद. वडील कचेरीतून सायकलला कॅन बांधून पाणी आणू लागले. ते पिण्यापुरतं व्हायचं. धुणं साठत गेलं. वडील भांडणाला भिणारे. "नवीन जिल्हा आहे, नवीन माणसं आहेत," ते म्हणाले, "जरा सांभाळून घे." आई म्हणाली, "जिल्हा नवा असंल. तांब्या जुनाच हाय." वडिलांनी मान खाली घातली आणि दुसऱ्या दिवसापासून एकाऐवजी दोन कॅन आणायला लागले. ते आमच्या बाजूचे आहेत हे मला त्या दुसऱ्या कॅननं कळलं.

मला घरात बसवेना. मी रोज दुपारी अंगणात जायची, फरशीवर खडूनं चिठ्ठ्यांची झाडं काढायची, एकेक शक्यता म्हणजे एकेक फांदी, ज्या बाईला फुरसत असेल तिला धरून समजावायची. माझा हिशेब साधा होता. सगळ्यांना एकदा पटलं की उचलायच्या क्रमानं कुणाचं नुकसान होत नाही, की मग क्रम बदलायला कुणी नाही कशाला म्हणेल? मी जीव तोडून शिकवलं. इतकं तर मी स्वतःच्या परीक्षेसाठीही केलं नव्हतं.

एकीलाही पटलं नाही! आमच्या शेजारी, सातव्या खोलीत, उदगीरकडची एक नवी लग्न झालेली वहिनी राहायची. ती खडूच्या फांद्यांकडं बघून म्हणाली, "काय करलालीस गं ही रांगोळी?" मी सगळं समजावलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाली, "हे समदं पुस्तकात असतंय. आधी उचलणारी चांगली उचलती आन मागची मरती, हे आंधळ्याला बी दिसतंय." पाचव्या आणि सहाव्या खोलीतल्याही तिच्या बाजूनं. मी कपाळावर हात मारून घेतला. खडूसुद्धा संपला होता.

त्यानंतरच्या एका दुपारी काय झालं ते माझ्या कुठल्याही उदाहरणसंग्रहात बसणारं नव्हतं. ओसरीवरचा बल्ब अजून पेटला नव्हता. लाइट यायच्या बेतात होती आणि सगळ्या जमल्या होत्या; आईही रिकामी कळशी घेऊन कडेला येऊन उभी होती. काकूनं तांब्या हलवला आणि सवयीप्रमाणं पहिला हात स्वतःचा घालणार, तेवढ्यात सातवीतली वहिनी पुढं आली. तिला गेले काही दिवस गाळच मिळत होता. "थांबा," ती म्हणाली. "आज त्या टोकाकडून सुरू करा. नांदेडवालीनंतर माझा नंबर लागतोय. मला बी एकदा चांगली उचलू द्या की!"

"आन मला बी," सहावीतली म्हणाली.

"व्हय, रोज तुम्हीच का आधी?" पाचवीतली म्हणाली. ती तर काकूच्या नात्यातली होती.

मी बघतच राहिले. माझं गणित ज्यांना पटलं नव्हतं, त्याच बायका, पटलं नव्हतं म्हणूनच, आईच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या होत्या! आधी उचलणारीचा फायदा होतो यावर त्यांचा इतका पक्का विश्वास होता की आधी कोणाचा हात आत जातो याचं त्यांना त्या क्षणी भान नव्हतं, किंवा असूनही पर्वा नव्हती. सिद्धता हरली होती आणि आम्ही जिंकायला आलो होतो.

काकू गडबडली. "अगं पण पोरगी म्हणती की समदं सारखंच..." तिनं आशेनं माझ्याकडं बघितलं. "सांग की गं यांना."

"हो काकू," मी म्हणाले. "अगदी सारखं आहे. त्या टोकाकडून सुरू केलं तरी तुमचं काहीच नुकसान नाही."

तेवढ्यात बल्ब पेटला. लाइट आली! आता चिठ्ठ्या उचलून होईपर्यंतचा प्रत्येक क्षण पाण्याचा होता. "काकू, लवकर!" "लाइट जाईल काकू!" सगळ्या एकदम ओरडायला लागल्या. काकूनं एकदा बल्बकडं बघितलं, एकदा त्या सगळ्यांकडं. मग तिनं तांब्या धुण्याच्या दगडावर ठेवला आणि ती मागं सरकली.

आई पुढं आली. तिनं घाई केली नाही. बांगड्या मागं सारल्या आणि तांब्याच्या तोंडातून हात आत घातला. घातला तो काढेचना. आत कागदांची खुसखुस ऐकू येत होती.

"आई, कुठलीही उचल!" मी ओरडले. "सगळ्या सारख्याच आहेत!"

"थांब गं," ती म्हणाली. "समद्यायला हात लावू दे."

काकू जमिनीकडं बघत होती. आईनं सावकाश एकेक चिठ्ठी खाली-वर केली, बोटांत धरली, सोडली, आणि मग एक बाहेर काढली. तिला आकडे वाचता यायचे. तिनं घडी उलगडली, चिठ्ठी उंच धरली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आठ!"

आठ! आठांतली सगळ्यात वाईट! पण आठ बाहेर पडल्याबरोबर वहिनीचे डोळे चमकले, कारण आता आत उरलेली कुठलीही चिठ्ठी त्यापेक्षा बरीच असणार होती. तिनं झपकन तांब्यात हात घातला. तिच्या मागून सहावीतलीनं घातला, मग पाचवीतलीनं, आणि मग ढकलाढकलीच सुरू झाली. हातांवर हात पडत होते. काकूनं शेवटची चिठ्ठी घेतली नाही. बोअर माझा, मला चिठ्ठी कशाला, असं काहीतरी म्हणत ती आत गेली. दुसऱ्या दिवशी मात्र तांब्या बाहेर आला, आणि कोणत्या टोकाकडून सुरू करायचं यावर बायका रोज नव्यानं भांडायला लागल्या. ते भांडण आमचंही होतं.

त्या दिवशी आमची पाळी आली तेव्हा धार करंगळीएवढी झाली होती. अर्धी कळशी तांबडं पाणी पडलं आणि लाइट गेली. आईनं ती कळशी कमरेवर घेतली आणि आम्ही खोलीत आलो. वडील सायकलवरून दोन कॅन उतरवत होते. त्यांनी कळशीत डोकावून बघितलं. "आज घेतलीस का चिठ्ठी?" त्यांनी हळूच विचारलं.

"पैली मी उचलली," आई म्हणाली. वडिलांनी कॅन तिथंच जमिनीवर ठेवले आणि ते माझ्याकडं बघायला लागले, खरं की काय म्हणून. मी मान हलवली.

आईनं कळशीतल्या पाण्यात तुरटी फिरवली, गाळ खाली बसायला ती कोपऱ्यात ठेवली आणि हात पुसत माझ्याजवळ येऊन बसली. माझं पुस्तक तिनं स्वतःच पुढं ओढलं.

"हं," ती म्हणाली. "आता सांग, ते सारखं कसं असतं ते."